उन्मादग्रस्त रुग्णातील व्यसन आणि तालुक्याच्या गावचा वैद्य

अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे अधूनमधून असा एक रुग्ण येतो, की ज्याच्यासाठी दोन्हीकडची दारे बंद झालेली असतात. वय बहुधा पंचवीस ते चाळीस. त्याला कानात आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे वाटते, अथवा काही महिने उन्मत्त व काही महिने खिन्न असे त्याचे चक्र चाललेले असते. त्यातच दारू किंवा गांजा, अथवा दोन्ही. व्यसनमुक्ती केंद्रात नेले असता ‘मनोरुग्ण आम्ही ठेवीत नाही’ असे सांगण्यात येते. मानसोपचारासाठी नेले असता ‘आधी दारू सोडवून आणा, मग बघू’ असे ऐकावे लागते. या दोन उत्तरांमध्ये कुटुंबाची दोन-तीन वर्षे आणि शेतीतील बरीचशी मिळकत खर्ची पडते. राज्यात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. म्हणजे सबंध विदर्भाला नागपूरचे एक, आणि आमच्या भागातून नागपूर गाठावयाचे तर मजुरीचा दिवस मोडतो. अखेरीस रुग्णाची आई त्याला घेऊन आमच्यापुढे बसते आणि म्हणते, ‘‘डॉक्टरसाहेब, त्याची दारू तेवढी सोडवून द्या, डोकं आपोआप ठिकानावर येते.’’

हे ‘आपोआप’ कितपत खरे आहे, आयुर्वेदीय चिकित्सकाने अशा रुग्णात कोठवर हात घालावा, आणि आपल्या नेहमीच्या औषधांपैकी कोणती अशा वेळी घात करू शकतात, यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचा मानस आहे. विषय अप्रिय आहे. आपल्या परिषदांमध्ये संधिवात, त्वग्विकार, वंध्यत्व यांवर दोन-दोन सत्रे होतात. उन्मादावर क्वचित एखादे होते, आणि उन्माद व मदात्यय एकाच रुग्णात असतील तर काय करावे यावर होत नाही.

संहितांमधील आधार

चरकसंहितेत उन्मादाची चिकित्सा चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायात आणि मदात्ययाची चोविसाव्या अध्यायात आली आहे. मधले चौदा अध्याय ओलांडताना विद्यार्थिदशेत आपण हे दोन विषय मनात वेगळे करून टाकतो. वास्तविक दोहोंचे अधिष्ठान एकच सांगितले आहे. मद्य हृदयात शिरून ओजाच्या गुणांना क्षोभ देते व मन विकृत करते. उन्मादातही दुष्ट दोष हृदय व मनोवह स्रोतसे व्यापून बुद्धीला मोहित करतात. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, ही व्याख्या डोळ्यांपुढे ठेवून दीर्घकाळ दारू पिणाऱ्या एखाद्या माणसाची तपासणी केली, तर आठांपैकी चार-पाच ठिकाणी खूण करावी लागेल.

सुश्रुताचार्यांनी तर हा प्रश्न अधिक थेट मांडला आहे. उत्तरतंत्राच्या बासष्टाव्या अध्यायात त्यांनी उन्मादाचे सहा प्रकार मानले असून सहावा विषजन्य आहे. शिवाय पूर्ण न वाढलेल्या, तरुण अवस्थेतील उन्मादालाच ‘मद’ ही संज्ञा दिली आहे. आजच्या मानसरोगशास्त्रात मादक द्रव्यामुळे उद्भवलेला मनोविकार आणि स्वतंत्रपणे जडलेला मनोविकार असा जो भेद करतात, त्याचे बीज या वर्गीकरणात आहे असे आम्हास वाटते. मात्र बीज आहे म्हणून वृक्षही आपलाच, असा दावा करण्याचा मोह टाळलेला बरा. दोन्ही विकार एकत्र असता कोणता आधी व कोणता नंतर हाताळावा, याचा स्वतंत्र क्रम संहितांमध्ये आम्हास आढळलेला नाही.

आधी काय जडले?

घरची माणसे बहुधा ‘गांज्यानं पोरगं बिघडलं’ असे एका वाक्यात निदान सांगतात. यात सोय असते. वेड म्हटले की मुलीचे लग्न अडते, भावकीत बोभाटा होतो. व्यसन म्हटले की दोष संगतीचा ठरतो. म्हणून इतिवृत्त घेताना काळाचा क्रम बारकाईने विचारावा लागतो. झोप कधी उडाली? एकटे बसणे, पुटपुटणे, अंघोळ टाळणे कधी सुरू झाले? पहिली चिलीम त्याच्या आधी की नंतर? आणि सर्वांत उपयुक्त प्रश्न असा, की रुग्ण कोणत्याही कारणाने महिनाभर नशेपासून दूर राहिला होता का, आणि त्या महिन्यात भास व संशय ओसरले होते का? सुमारे महिनाभर निर्व्यसनी राहूनही लक्षणे टिकून असतील, तर केवळ द्रव्यजन्य विकार समजून स्वस्थ बसता येत नाही.

गांजा निर्दोष आहे असे यातून कोणी समजू नये. स्वीडनमध्ये लष्करभरतीसाठी आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे पाठपुरावा करून १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी पन्नासपेक्षा अधिक वेळा गांजाचे सेवन केले होते त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. उलट दिशेचा पुरावाही तितकाच बोलका आहे. अमेरिकेतील १९९० च्या एका मोठ्या लोकसंख्याधारित पाहणीत स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूचे किंवा मादक द्रव्याचे व्यसन जडले होते, आणि त्या गणनेत तंबाखू धरलेलीच नव्हती. म्हणजे निम्म्याच्या आसपास रुग्णांत जो विकार आढळतो, तो अपवाद म्हणून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात मद्यपान करणारे सुमारे १६ कोटी आणि भांग-गांजा-चरस यांचे सेवन करणारे सुमारे ३ कोटी आहेत. यांत मनोरुग्ण किती, हे प्रत्येकाने आपापल्या बाह्यरुग्ण नोंदवहीत पाहावे.

रुग्ण नशा का करतो हे त्यालाच विचारावे. उत्तरे साधी असतात. आवाज थोडा वेळ थांबतात. झोप लागते. गोळ्यांनी अंग आखडते, ते सैल होते. आणि चिलमीभोवती बसणारे चार लोक त्याला वेडा म्हणत नाहीत. या शेवटच्या उत्तरावर कोणत्याही घृताचा उपयोग होत नाही, हे ध्यानी घेऊनच चिकित्सेला बसावे.

विडी आणि खर्रा

वऱ्हाडात तंबाखूला व्यसन मानण्याची पद्धत नाही. खर्रा तर पाहुण्याच्या हातावर ठेवतात. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घासून तयार होणारा खर्रा प्रत्येक पानठेल्यावर मिळतो. मनोरुग्णांच्या बाबतीत या दोहोंचे, विडीचे व खर्ऱ्याचे, परिणाम वेगवेगळे आहेत आणि ते आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात येत नाहीत.

विडी-सिगारेटच्या धुरातील काही घटक यकृतातील एका विशिष्ट पाचकद्रव्याला चेतवितात. त्यामुळे क्लोझापिन व ओलँझापिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात, आणि मानसोपचारतज्ज्ञांना मात्रा वाढवावी लागते. अशा रुग्णाने एकाएकी विडी सोडली, की तीच मात्रा भारी पडू लागते. क्लोझापिनची रक्तातील पातळी दीडपटीपर्यंत चढू शकते. रुग्ण दिवसभर झोपतो, लाळ गळते, क्वचित झटकेही येतात. घरचे म्हणतात, ‘विडी सोडल्यापासून पोरगा मंदावला.’ हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. म्हणून खर्रा सोडल्याने तो घडत नाही, आणि विडी सोडून खर्ऱ्याकडे वळलेल्या रुग्णातही मात्रा भारी पडतेच. विडी सोडविण्याचे श्रेय घेण्यापूर्वी वैद्याने मूळ चिकित्सकाला तसे कळविले पाहिजे.

सुपारीचे प्रकरण निराळे. तिच्यातील मुख्य द्रव्य ज्या मज्जामार्गावर काम करते, नेमक्या त्याच मार्गाला शांत करण्यासाठी मनोविकारावरील औषधांबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी दिलेली असते. सुपारीच्या अतिसेवनानंतर अशा रुग्णांत अंगाची जडता व कंप वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. रुग्ण अकस्मात आखडला तर वातव्याधी समजून स्नेहन-स्वेदनाकडे वळण्याआधी तो दिवसाला किती खर्रे खातो, हे विचारून घ्यावे.

आपलीच औषधे

आमच्या दृष्टीने लेखाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आयुर्वेदीय औषधे निरुपद्रवी असतात, या लोकभ्रमाला आपणही कळत-नकळत खतपाणी घालतो. या रुग्णवर्गात तो भ्रम महाग पडतो.

प्रथम आसव-अरिष्टे. अश्वगंधारिष्ट व सारस्वतारिष्ट ही मानसविकारांत सर्रास योजली जाणारी औषधे. संधानामुळे त्यांच्यात स्वयंजनित मद्यांश असतो, साधारणतः ५ ते १० टक्के. मद्यत्याग केलेल्या रुग्णाला सकाळ-संध्याकाळ चार-चार चमचे अरिष्ट देणे म्हणजे ज्या चवीपासून त्याला दूर न्यावयाचे, तीच जिभेवर ठेवणे होय. त्याहून गंभीर बाब डायसल्फिरामची. दारू प्यायल्यास तीव्र प्रतिक्रिया यावी म्हणून व्यसनमुक्तीत दिली जाणारी ही गोळी चालू असताना, आणि बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे, अरिष्टातील मद्यांशाने चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या, रक्तदाब उतरणे असे घडू शकते. अशा रुग्णात चूर्ण, वटी किंवा घृत हेच कल्प निवडावेत. बाटलीवर औषधाचे नाव लिहिलेले असते, मद्यांश कोणी वाचत नाही.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची चूर्णे एस.टी. स्थानकाबाहेरच्या भिंतींवर आपण सर्वांनी पाहिली आहेत. भाजीत, वरणात कालवून द्यावयाच्या अशा काही चूर्णांत डायसल्फिरामची भेसळ असल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. हे द्रव्य मेंदूतील डोपामीनच्या रूपांतरात अडथळा आणते व त्यामुळे उन्मादाची लक्षणे भडकू शकतात. आधीच ‘घरचे माझ्या जेवणात काहीतरी मिसळतात’ असा संशय बाळगणाऱ्या रुग्णाच्या जेवणात खरोखरच काही मिसळले, आणि ते त्याला कळले, तर पुढे त्याने कोणाच्या हातचे औषध घ्यावे? अशी पुडी मागणाऱ्या नातेवाइकाला आम्ही स्पष्ट नकार देतो. तो रागावून दुसरीकडे जातो, हेही आम्हास ठाऊक आहे.

भांग, अहिफेन व धत्तूर ही द्रव्ये औषधी व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात विषद्रव्ये म्हणून नमूद आहेत. जातिफलादि चूर्ण आपण ग्रहणीत सहज देतो. त्यात भांग असते. मदनानंद मोदकातही असते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांना मनाई करताना केवळ पानांना व्याख्येबाहेर ठेवले आहे, पण मेंदू ही कायदेशीर व्याख्या जाणत नाही. अहिफेनयुक्त कामिनीविद्रावण रसाचे व्यसन जडलेले रुग्ण पंजाबात मोठ्या संख्येने आढळले, आणि ही गोळी आयुर्वेदाच्या नावावर विकली गेली, ही आपल्या व्यवसायाला भूषणावह गोष्ट नाही. कनकासव श्वासात उत्तम. परंतु त्यात धत्तूर आहे. ट्रायहेक्सिफेनिडिल घेणाऱ्या व विडी ओढून खोकणाऱ्या रुग्णाला ते दिले, तर दोहोंचा परिणाम एकाच दिशेने साचून तोंड कोरडे पडणे, मूत्र अडणे, बरळणे असा प्रकार होऊ शकतो. आणि हे बरळणे उन्मादाचा वेग समजून पुन्हा औषध वाढविले जाते.

सर्पगंधेविषयी आपल्याला रास्त अभिमान आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले, आणि १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयातील रुग्णांवरचे अनुभव मांडले. आधुनिक मनोविकारचिकित्सेच्या आरंभी एक भारतीय वनस्पती उभी आहे, यात शंका नाही. पण तिने खिन्नता वाढते हेही त्याच दशकात दिसून आले. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत रुग्ण मुळातच खिन्न असतो, आत्मघाताचे विचार येत असतात. त्यात सर्पगंधाघन वटी झोपेसाठी म्हणून देऊ नये. आधीच मनोविकारावरील औषध चालू असेल तर जडता वाढण्याचा धोका वेगळाच.

पिंपळीविषयी अंजनगावच्या वैद्याने लिहिले नाही तर कोणी लिहावे! आमच्या पानमळ्यांच्या या भागात पानपिंपळीचे पीक पिढ्यानपिढ्या घेतले जाते. पिंपळीतील पायपरीन हे इतर औषधांचे शोषण वाढविते, यावर जम्मूच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांनी १९७० च्या दशकाअखेरीपासून काम केले. फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांची रक्तातील पातळी पायपरीनमुळे वाढते असे नंतरच्या अभ्यासांत आढळले आहे. कार्बामाझेपिन उन्मत्त अवस्थेतही देतात. म्हणून त्रिकटु, चौसष्टप्रहरी पिंपळी यांचा दीर्घ प्रयोग अशा रुग्णात विचारपूर्वक करावा. पिंपळी, क्षार व लवण यांचा अतियोग करू नये, हे चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. त्यामागील कारणमीमांसा वेगळी असली तरी व्यवहारात सल्ला तोच.

शेवटची सूचना शोधनाविषयी. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला वमन, विरेचन किंवा तीव्र स्वेदन दिल्यास शरीरातील जल व लवण घटते, मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि विषबाधा होते. हातापायांचा थरथराट, अडखळती चाल, अतिसार, मग ग्लानी. अलवण आहाराचे पथ्यही याच कारणाने घातक ठरते. उन्मादात शोधन श्रेष्ठ हे शास्त्रवचन खरे. परंतु ते सांगितले तेव्हा रुग्णाच्या पोटात लिथियम नव्हते.

मद्यत्यागाचा पहिला आठवडा

घरचे अनेकदा रुग्णाला खोलीत कोंडून दारू ‘तोडतात’. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने अचानक दारू थांबविली, की सहा ते चोवीस तासांत कंप व घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमावस्था येऊ शकते, ज्यात मृत्यूही संभवतो. उन्मादी रुग्णात हे भास ‘जुनेच वेड’ समजून दुर्लक्षिले जातात. दिशा, वार, माणसे ओळखण्यात गोंधळ, ताप, घाम व कंप यांची जोड असेल तर तो उन्मादाचा वेग नसून मद्यत्यागजन्य अवस्था आहे असे धरून तात्काळ रुग्णालयात पाठवावे. गावात अशक्तपणावर ‘एक सलाईन लावून द्या’ ही मागणी ठरलेली असते. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याला थायमिन दिल्याशिवाय ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते; हे आपल्या परिचारकांनाही सांगून ठेवावे.

चरकाने मदात्ययात मद्याचाच विधिपूर्वक, मात्रायुक्त उपयोग सांगितला आहे, आणि अहितकर सात्म्य पाव-पाव अंशाने सोडण्याचा पादांशिक क्रम सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात दिला आहे. द्रव्य एकदम तोडू नये हे तत्त्व आजच्या रुग्णालयातही पाळले जाते, केवळ मद्याऐवजी शामक औषधांची उतरती मात्रा वापरतात. पाव अंशाचा क्रम खर्ऱ्याला, विडीला चांगला लागू पडतो असा आमचा अनुभव आहे. रोज बाटली पिणाऱ्या उन्मादी रुग्णावर तो घरच्या घरी करू नये. मोजून देणारे शुद्धीवरचे माणूस घरात असतेच असे नाही. मद्य सोडून मध्येच पुन्हा एकदम अतिमद्यपान करणाऱ्याला होणारे ध्वंसक व विक्षय हे विकार चरकाने स्वतंत्रपणे वर्णिले आहेत आणि कष्टसाध्य मानले आहेत. पुनरावृत्तीचा काळ सर्वांत धोक्याचा, हे त्यांनी पाहिलेले होते.

तर्जन, त्रासन आणि साखळी

उन्मादचिकित्सेत तर्जन, त्रासन, भय, विस्मय यांचा उल्लेख आहे. तसाच सांत्वन, हर्ष व दान यांचाही आहे. पण लोकांना पहिली दोनच आठवतात. शास्त्राधार दाखवून कोणी मारझोड किंवा बांधून ठेवण्याचे समर्थन करीत असेल तर आपण त्याला ठामपणे विरोध केला पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही स्वरूपात साखळदंड घालण्यास मनाई केली आहे.

याच कायद्यात आपल्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी आहेत. मनोविकाराच्या व्याख्येत दारू व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था समाविष्ट आहेत. म्हणजे ‘हा व्यसनी आहे, मनोरुग्ण नाही’ हे वर्गीकरण निदान कायद्याला मान्य नाही. दुसरी गोष्ट, मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या वैद्यांना स्थान मिळाले आहे. आम्हा बी.ए.एम.एस. पदवीधरांना ते नाही. काहींना यात अन्याय वाटतो. आम्हास तो वाटत नाही. तीव्र उन्मादात निदान व मुख्य औषधयोजना तज्ज्ञाचीच असावी, आणि आपल्या संघटनेने बळ लावायचेच असेल तर मानसरोगाच्या पदव्युत्तर जागा वाढविण्यासाठी लावावे.

दोन्ही एकत्र

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. त्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट, त्यांचे पती डॉ. अनिल अवचट आणि पाठीशी उभे राहिलेले पु. ल. व सुनीताबाई देशपांडे, हा इतिहास सर्वपरिचित आहे. ब्राऊन शुगरने पोखरलेल्या मुलांसाठी जागा मिळाली ती मनोरुग्णांच्या शेजारी, या योगायोगाकडे आम्ही नेहमी कुतूहलाने पाहतो. पुढील काळात राज्यभर निघालेल्या अनेक केंद्रांनी मुक्तांगणचे नाव घेतले, परंतु मनोविकारतज्ज्ञाची सोबत सोडून दिली.

दोन्ही विकारांवर एकाच चमूने, एकाच वेळी उपचार करावेत ही पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकापासून रॉबर्ट ड्रेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये विकसित केली. १९८९ मध्ये ऑशर व कोफोड यांनी तिचे चार टप्पे मांडले : आधी रुग्णाशी नाते जोडणे, मग त्याचे मन वळविणे, त्यानंतर प्रत्यक्ष व्यसनत्याग, आणि शेवटी पुनरावृत्ती टाळणे. पहिल्या टप्प्यात दारू सोडण्याची अट नसते. नातेवाइकांना हे पटत नाही. महिन्याला पैसे मोजून रुग्ण अजून पितोच, मग डॉक्टर करतो काय? सत्त्वावजय ही अहितकर अर्थांपासून मन आवरण्याची चिकित्सा आहे, आणि मन आवरण्याइतके ते ठिकाणावर यायला आधी अवधी लागतो, असे आम्ही त्यांना समजावतो. कधी पटते.

तालुक्याच्या वैद्याचे काम या पहिल्या दोन टप्प्यांत सर्वाधिक आहे, कारण तो जवळ आहे. याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातील आरोग्यसेविका, प्रशिक्षित समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी उभी केल्यावर, उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या खिन्नताग्रस्तांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ च्या अहवालात नोंदले आहे. तो प्रकल्प खिन्नतेचा होता, उन्मादाचा नव्हे. तरी गावातल्या माणसाने दार ठोठावले की रुग्ण बाहेर येतो, इतके त्यातून नक्की दिसते.

औषधांपैकी कल्याणक घृत अल्प मात्रेत, ब्राह्मी, जटामांसी, शिरोभ्यंग व पादाभ्यंग यांचा झोप व अस्वस्थता यांसाठी आम्ही उपयोग करतो. तोही तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरील औषध कायम ठेवून, आणि यकृताची तपासणी पाहून. २०१८ मध्ये पिट्सबर्ग येथे स्किझोफ्रेनियाच्या ६८ रुग्णांवर बारा आठवडे केलेल्या प्रयोगात अश्वगंधेच्या सत्त्वाने काही लक्षणांत सुधारणा आढळली. रुग्णसंख्या लहान आहे, आणि तेथेही अश्वगंधा चालू औषधांच्या जोडीला दिली होती, बदली नव्हे. या रुग्णांचे वजन व रक्तशर्करा औषधांमुळे वाढते. तेथे आपला आहारविचार, मुगाचे वरण, ज्वारीची भाकरी, रोजचे चालणे हे सारे खरोखर कामाला येते.

एका रुग्णाचे वृत्त थोडक्यात देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. जवळच्या खेड्यातील तिशीचा तरुण. आवाज ऐकू येणे, गांजा, विडी आणि बाजाराच्या दिवशी दारू. दोन केंद्रांतून परत आलेला. अमरावतीच्या तज्ज्ञांनी महिन्यातून एकदा टोचावयाचे दीर्घकालीन औषध सुरू केले व ते देण्याची तारीख आमच्या दवाखान्यात ठरली. पहिले सहा महिने आम्ही त्याला एवढेच सांगितले, की दर आठवड्याला येऊन बसायचे, प्यायला असशील तरी यायचे. तिसऱ्या महिन्यात तो बोलू लागला. वर्षाअखेरीस गांजा सुटला, कारण पानपिंपळी तोडणीला तो काकाबरोबर जाऊ लागला आणि चिलमीचा अड्डा दुसऱ्या वाटेवर राहिला. विडी कमी होऊ लागली तेव्हा मात्रेविषयी तज्ज्ञांना फोन केला. खर्रा अजून आहे, दहावरून तीनवर. पोळ्याला तो पुन्हा प्यायला. घरच्यांनी आणले नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः चालत आला, सुईची तारीख उलटली का म्हणून विचारायला. उलटली नव्हती.

रुग्णाला पुढे पाठवताना जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या विभागाच्या नावे चिठ्ठी द्यावी, तीत आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, मद्यांश असल्यास त्याचा उल्लेख, आणि विडी-खर्ऱ्याचे दैनिक प्रमाण लिहावे. १४४१६ हा टेलिमानसचा व १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावता येतो.